कॅन्सरनंतर स्तनाची पुनर्रचना करून घ्यायची असेल, तर इथून सुरुवात करा

डावा स्तन काढल्यानंतर दीड वर्ष मी ब्लाउजमध्ये सुती रुमालाच्या घड्या भरून बँकेत जात होते. काउंटरवर पुढे वाकलं की घडी वर सरकायची. पदर सावरायच्या निमित्ताने ती खाली ढकलायची हाताला इतकी सवय झाली की घरी एकटी असतानाही हात आपोआप तिथे जायचा. केमो झाली होती, लाइट (रेडिएशन) घेऊन झाले होते, तपासणीला गेलं की "छान आहे, सहा महिन्यांनी या" एवढंच ऐकायला मिळायचं. स्तन पुन्हा तयार करता येतो हे मला सांगितलं ते ओपीडीच्या बाकावर शेजारी बसलेल्या कराडच्या एका ताईंनी. डॉक्टरांना विचारलं तर उत्तर आलं, "या वयात कशाला आता?" मी तेव्हा सेहेचाळीस वर्षांची होते.

पुढे माझं ऑपरेशन झालं, पोटाची त्वचा आणि चरबी वापरून. त्याला आता तीन वर्षं होतील. मला जे आधी कळायला हवं होतं ते इथे क्रमाने लिहिते. औषधोपचाराचे निर्णय तुमच्या डॉक्टरांचेच. पण त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारायचं, कोणते कागद न्यायचे आणि घरी काय तयारी ठेवायची, हे तुम्हाला माहीत असलंच पाहिजे.

१. पहिल्या ऑपरेशनच्या आधीच विचारा

बायोप्सीचा रिपोर्ट हातात आला की डोकं बधिर होतं आणि "काय ते काढून टाका एकदाचं" असं आपणच म्हणून बसतो. मीही म्हणाले होते. तिथे एक दिवस थांबा आणि कॅन्सर सर्जनना तीन गोष्टी विचारा.

पूर्ण स्तन काढायलाच हवा का? गाठ लहान आणि एकाच जागी असेल तर नुसती गाठ काढून नंतर लाइट देता येतात. इटली आणि अमेरिकेत यावर मोठ्या चाचण्या झाल्या. त्यांचे वीस वर्षांचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले: स्तन काढलेल्या आणि वाचवलेल्या बायकांच्या आयुर्मानात फरक पडला नव्हता. दुसरा प्रश्न, काढावाच लागला तर त्याच भुलीत नवा स्तन करता येईल का? आणि तिसरा, मला नंतर लाइट लागण्याची शक्यता किती? लाइट पडलेल्या त्वचेखाली सिलिकॉन बसवलं तर त्याभोवती कडक आवरण धरून ते आक्रसण्याचा धोका वाढतो. म्हणून कोणता प्रकार आणि कधी, हे बरंचसं या तिसऱ्या उत्तरावर ठरतं.

ती वेळ निघून गेली असेल तरी काही बिघडलेलं नाही. पाच-दहा वर्षांनीही पुनर्रचना करता येते. लाइट झाले असतील तर साधारण सहा महिने ते वर्षभर थांबायला सांगतात. आणि सगळ्यांच्या मनात असलेली भीती: या ऑपरेशनमुळे कॅन्सर परत येण्याची शक्यता वाढत नाही.

२. करायचं की नाही, ते तुम्ही ठरवा

माझ्या सासूबाई म्हणाल्या, "पोरगी लग्नाला आली, आता कशाला हा सोस?" त्यांच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं, माझं पुन्हा कापणं-शिवणं त्यांना बघवणार नव्हतं. पण उलटंही घडतं. वॉर्डात एक बाई भेटल्या, त्यांना स्वतःला काही नको होतं आणि नवऱ्याच्या आग्रहाने त्या आल्या होत्या. आदल्या रात्री रडत होत्या. सल्ला घेताना एकदा तरी डॉक्टरांशी एकटीने बोला, नवरा, बहीण, मुलगी कोणीच नको.

"नको" म्हणणं हाही पूर्ण विचाराने घेतलेला निर्णय असतो. मग खास ब्रामध्ये बसवायचा सिलिकॉनचा कृत्रिम स्तन मिळतो. तो साधारण दुसऱ्या बाजूच्या वजनाचा घ्या, नाहीतर खांदा आणि पाठ एका बाजूला झुकते. रुमालाच्या घड्यांनी माझी मान धरायची ती याच कारणाने, हे मला फार उशिरा कळलं. उन्हाळ्यात सिलिकॉनखाली घाम येतो, तेव्हा घरात वापरायला हलका विणलेला सुती स्तन बरा पडतो.

एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा. नवा स्तन दिसायला आणि ब्लाउजमध्ये स्तनासारखा असतो, पण त्याला स्पर्श फारसा कळत नाही. माझ्या त्वचेला कडेकडेने थोडं कळतं, मधे काहीच नाही. हे कोणी आधी सांगितलं नाही तर नंतर फार लागतं.

३. प्रकार समजून घ्या

सिलिकॉन इम्प्लांट. ऑपरेशन लहान, शरीरावर दुसरीकडे कुठे जखम नाही. बऱ्याचदा आधी एक्स्पांडर म्हणजे रिकामी पिशवी बसवतात, काही आठवडे तिच्यात थोडं थोडं सलाईन भरून त्वचा ताणतात आणि मग दुसऱ्या ऑपरेशनमध्ये कायमचं इम्प्लांट घालतात. "कायमचं" हा शब्द मात्र जपून घ्या. इम्प्लांट जन्मभर टिकेल असं धरून चालू नका; पुढे ते बदलावं लागू शकतं आणि अधूनमधून तपासावंही लागतं. त्याच्या खोक्यावरचा स्टिकर, ज्यावर कंपनी, माप आणि लॉट नंबर असतो, तो मागून घ्या आणि फाइलमध्ये चिकटवा. खरबरीत पृष्ठभागाची काही इम्प्लांट्स लिम्फोमा नावाच्या कॅन्सरच्या एका दुर्मीळ प्रकाराच्या धोक्यामुळे जुलै २०१९ मध्ये जगभरातून परत मागवली गेली. स्टिकर असलेल्या बाईला आपलं कोणतं हे दोन मिनिटांत कळलं असेल.

पाठीचा फ्लॅप. फ्लॅप म्हणजे शरीराच्या दुसऱ्या भागातून रक्तपुरवठ्याच्या वाहिनीसकट आणलेला तुकडा. पाठीवरचा रुंद स्नायू त्वचेसकट काखेखालून फिरवून पुढे आणतात. त्याची रक्तवाहिनी तुटत नाही, त्यामुळे भरवशाचा. मात्र पाठीत पाणी साठण्याचा त्रास बऱ्याच जणींना होतो आणि आकार कमी पडला तर आत इम्प्लांट घालावं लागतं.

पोटाचा फ्लॅप. यात दोन जाती आहेत आणि फरक नीट समजून घ्या. ट्रॅममध्ये पोटाचा स्नायूही घेतात, त्यामुळे पुढे पोट सैल पडण्याची किंवा हर्निया होण्याची शक्यता जास्त. डीपमध्ये स्नायू जागेवर ठेवून फक्त त्वचा, चरबी आणि त्यांना रक्त पुरवणारी बारीक वाहिनी काढतात आणि ती छातीतल्या वाहिनीला सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात. केसापेक्षा बारीक दोऱ्याने टाके घालतात. एका बाजूला सहा ते आठ तास लागतात. अनुभवी हातांत शंभरातले ९५ ते ९९ फ्लॅप जगतात. उरलेल्यांत रक्तपुरवठा बंद पडून फ्लॅप काढावा लागतो. हा आकडा स्वतःच्या डॉक्टरांच्या तोंडून ऐका.

सिझेरियनचा आडवा व्रण असेल तर बहुतेक वेळा अडचण येत नाही, माझा होता. पोटाची चरबी कमी करायचं ऑपरेशन (टमी टक) आधी झालेलं असेल तर हा मार्ग बंद. पोटावर इतर कुठलेही व्रण असतील, नसबंदीचा छोटासा असला तरी, पहिल्याच भेटीत दाखवा.

माझ्या मते लाइट झालेल्या, पोटावर पुरेशी चरबी असलेल्या आणि दोन महिने घरी विश्रांती घेऊ शकणाऱ्या बाईने डीपची माहिती घेतल्याशिवाय इम्प्लांटला हो म्हणू नये. पण एकटीच्या जिवावर घर चालवणाऱ्या बाईला दोन महिने मिळत नाहीत, आणि तिने लहान ऑपरेशन निवडलं तर ते चुकलं असं कुणी म्हणू नये.

४. सर्जन शोधा

नावापुढे एम.सीएच., डीएनबी किंवा डीआरएनबी प्लास्टिक सर्जरी असायला हवं. सौंदर्योपचाराच्या दवाखान्यांच्या पाट्या कितीही चकचकीत असल्या तरी पदवी वाचा. डीप करायचं असेल तर मायक्रोसर्जरीचा अनुभव विचारा: वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता? किती वेळा पुन्हा थिएटरमध्ये न्यावं लागतं? रात्री दोन वाजता फ्लॅप निळा पडला तर हॉस्पिटलमध्ये कोण असेल? या शेवटच्या प्रश्नावर जे डॉक्टर चिडले, त्यांच्याकडे मी परत गेले नाही. जिथे करून घेतलं तिथल्या मॅडमनी वही पुढे ओढून आकृती काढली आणि रात्रीच्या टीममधल्या दोघांची नावं सांगितली.

जुन्या रुग्णांचे चेहरा न दाखवणारे फोटो बघायला मागा. फक्त सगळ्यात चांगले नकोत, ज्यात काही कमी राहिलं तेही.

बाहेरगावाहून मुंबईला जाणार असाल तर राहायची सोय आधी लावा. परळची नाना पालकर स्मृती समिती आणि दादरची गाडगे महाराज धर्मशाळा रुग्ण-नातेवाइकांची कमी पैशांत सोय करतात. हॉस्पिटलचं पत्र आणि आधार कार्ड जवळ ठेवा.

५. कागद एका फाइलमध्ये लावा

तारखेप्रमाणे लावा, जुना खाली आणि नवा वर. प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स काढा आणि मोबाइलमध्ये फोटो ठेवा.

- बायोप्सी आणि ऑपरेशननंतरचा पॅथॉलॉजी रिपोर्ट, हार्मोन रिसेप्टर आणि हर-टूच्या तपासणीसकट
- पहिल्या ऑपरेशनची सविस्तर नोंद (डिस्चार्ज कार्ड पुरत नाही, ऑपरेशन नोट वेगळी मागावी लागते)
- केमोचा तक्ता
- रेडिएशन विभागाकडून लाइटचा गोषवारा, एकूण डोस आणि तारखांसह
- अलीकडची मॅमोग्राफी आणि स्कॅनच्या सीडी
- चालू गोळ्यांची यादी
- कॅन्सर तज्ज्ञांचं पत्र: आजार आटोक्यात आहे, पुनर्रचनेला हरकत नाही
- आधार, रेशन कार्ड, विमा पॉलिसीची पूर्ण प्रत

लाइटचा गोषवारा मिळवायला मला तीन खेपा पडल्या. तो सगळ्यात आधी मागा.

६. पैशांचं आणि विम्याचं

इथे बहुतेक जणी अडकतात. माझा कॅशलेसचा अर्ज "कॉस्मेटिक सर्जरी, देय नाही" या एका ओळीत परत आला. मी खचून घरी जाणार होते. बिलिंगच्या खिडकीवरच्या मुलाने सांगितलं, "काकू, पॉलिसीतली पूर्ण ओळ वाचा." वाचली. आरोग्य विम्याच्या प्रमाणित अपवादांत आठव्या क्रमांकावर, एक्सक्ल ०८ या नावाने, कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरीचा अपवाद आहे. पण त्याच वाक्यात पुढे लिहिलंय की अपघात, भाजणं किंवा कॅन्सर यानंतरच्या पुनर्रचनेला हा अपवाद लागू नाही. सर्जनकडून पत्र घेतलं, त्यात "स्तनाच्या कर्करोगासाठी केलेल्या मास्टेक्टॉमीनंतरची पुनर्रचना" असे स्पष्ट शब्द (मास्टेक्टॉमी म्हणजे स्तन काढणं) आणि वैद्यकीय गरजेचा दाखला होता. पॉलिसीच्या त्या पानावर खूण करून अर्ज पुन्हा पाठवला. नऊ दिवसांनी मंजुरी आली.

तेव्हा पत्रात कुठेही "सौंदर्यासाठी", "आकार सुधारण्यासाठी" असे शब्द येऊ देऊ नका. अर्ज ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नको, दोन-तीन आठवडे आधी करा. खोलीच्या भाड्याला पॉलिसीत मर्यादा असेल तर त्याच वर्गातली खोली घ्या. महागडी घेतली की काही पॉलिसींमध्ये त्या प्रमाणात बाकीच्या बिलातूनही कपात होते. आणि दुसऱ्या स्तनाला बरोबरीत आणायचं, बोंडाचं (स्तनाग्राचं), चरबी भरायचं ऑपरेशन पुढे होणार असेल तर ते टप्पे पहिल्याच पत्रात नियोजन म्हणून लिहून घ्या.

तरीही नाकारलं तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही.

विमा नसेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचं टेबल असतं. त्यांना तुमच्या ऑपरेशनचं नेमकं नाव दाखवा आणि ते यादीत कोणत्या पॅकेजमध्ये बसतं हे लिहून मागा. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशन कार्ड घेऊन समाजसेवा विभागात जा. दाखला मिळायला दिवस लागतात, आधी काढा.

७. शरीर तयार करा

तंबाखू बंद. यात मशेरीही आली. आमच्याकडे कितीतरी बायका मशेरी लावतात आणि "तंबाखू खाता का" विचारलं की खरेपणाने नाही म्हणतात, कारण त्यांच्या मते ते दात घासणं आहे. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि फ्लॅप जगतो तो नेमका त्यांच्यावर. किमान चार आठवडे आधीपासून आणि नंतरही चार आठवडे पूर्ण बंद. डॉक्टरांपासून लपवू नका.

साखर असेल तर तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, साधारण सात-साडेसातच्या खाली आणायला सांगतात. हिमोग्लोबिन कमी असेल तर भरून काढायला वेळ द्या. टॅमॉक्सिफेन ही स्तनाच्या कॅन्सरवरची हार्मोन रोखणारी गोळी चालू असेल तर आवर्जून सांगा: रक्ताच्या गुठळ्यांच्या धोक्यामुळे ऑपरेशनच्या आसपास ती थांबवायची का, हे प्लास्टिक सर्जन आणि कॅन्सर तज्ज्ञ मिळून ठरवतात. स्वतःहून बंद करू नका. डीपसाठी पोटाच्या रक्तवाहिन्यांचा सीटी अँजिओ होतो, त्याआधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघतात.

८. घर तयार करा

पोटाचा फ्लॅप घेतल्यावर पहिले आठवडाभर तुम्ही कमरेत वाकूनच चालणार. खाली बसायच्या संडासावर बसता येत नाही. कमोड नसेल तर कमोडची खुर्ची आधीच आणा. जमिनीवर अंथरूण नको, कॉट हवी. पाठीला आणि गुडघ्यांखाली मिळून चार उशा. पुढून बटणांचे गाऊन तीन. रोजची भांडी ओट्याच्या उंचीवर काढून ठेवा.

नळ्यांसाठी पिशवी शिवा. घरी येताना छातीतून आणि पोटातून नळ्या बाहेर आलेल्या असतात आणि त्यांना व्हॅक्यूमचे डबे जोडलेले असतात. हातात धरून वावरलं की कधीतरी हिसका बसतो. मी जुन्या सुती साडीची दोन कप्प्यांची पिशवी शिवली, परकराची नाडी लावून गळ्यात अडकवली. बाथरूमला जातानाही दोन्ही हात मोकळे राहायचे.

९. हॉस्पिटलातले पहिले दोन दिवस

डीपनंतर दर तासाला सिस्टर येतात. फ्लॅपचा रंग बघतात, हात लावून ऊब बघतात, बोटाने दाबून रक्त किती वेळात परत येतं ते मोजतात आणि डॉपलर लावतात. त्या छोट्या यंत्रातून रक्ताचा सूं-सूं आवाज येतो. पहिल्या रात्री अर्धवट गुंगीत मी तो आवाज यायची वाट बघत पडून राहायचे. खोली उबदार ठेवतात, एसी बंद असतो, आमच्याकडे चहाही बंद होता.

सोबतच्या माणसाला एवढं शिकवून ठेवा: फ्लॅप पांढरा आणि गार पडला किंवा निळा-जांभळा होऊन फुगला, तर सिस्टरांच्या पुढच्या फेरीची वाट बघायची नाही, लगेच हाक मारायची. एका तासाच्या उशिरानेही फरक पडतो. पुन्हा थिएटरमध्ये नेलं तर घाबरू नका, वेळेत नेलेले फ्लॅप पुष्कळदा वाचतात. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हाताला सुई आणि बीपीचा पट्टा नको, हे प्रत्येक पाळीला आठवण करून द्या.

१०. घरी आल्यावर

नळ्यांतलं पाणी रोज ठरल्या वेळी मोजा आणि वहीत लिहा: तारीख, कोणती नळी, किती मिली, रंग. साधारणपणे २४ तासांत ३० मिलीच्या खाली सलग दोन दिवस आलं की नळी काढतात. पाणी अचानक लाल झालं, ताप आला, जखमेला वास आला, पोटरी दुखून सुजली किंवा धाप लागली तर फोन करत बसू नका, निघा.

पोटाचा पट्टा सांगितला तितके दिवस बांधा. सहा ते आठ आठवडे पाण्याची बादली, भरलेला कुकर, नातवंड, काहीही उचलायचं नाही. भाकरी थापायचीही नाही, तो जोर खांद्यावरून छातीवर येतो. खांद्याचे व्यायाम फिजिओंनी सांगितल्या दिवसापासून, भिंतीवर बोटं चढवत, रोज थोडं वर.

आणि हे ठळक अक्षरांत लिहून कपाटावर लावा: नव्या स्तनावर आणि पोटाच्या बधिर भागावर गरम पाण्याची पिशवी ठेवायची नाही. त्वचेला चटका कळत नाही आणि भाजल्याचं फोड आल्यावरच समजतं. माझ्या जावेने मायेने पिशवी भरून आणली होती, नशिबाने मुलीने दारातच अडवली. तीच काळजी उन्हाची आणि अंघोळीच्या पाण्याची.

११. पुढचे टप्पे आणि ब्लाउज

हे एका ऑपरेशनमध्ये संपत नाही. तीन ते सहा महिन्यांनी सूज उतरून आकार स्थिरावला की बोंड तयार करतात, त्यानंतर भोवतीचा रंग टॅटूने भरतात. कुठे खड्डा राहिला तर मांडीची किंवा पोटाची चरबी सोडतात, तिच्यातली काही शरीर शोषून घेतं म्हणून एकाहून जास्त वेळा करावं लागतं. मी बोंड करून घेतलं, टॅटू नको म्हटलं. दुसऱ्या स्तनाची मॅमोग्राफी आणि कॅन्सरच्या तपासण्या मात्र ठरल्याप्रमाणे चालूच ठेवायच्या.

शिंप्याकडे सहा महिन्यांच्या आत जाऊ नका, मापं बदलत राहतात. मी चौथ्या महिन्यात उत्साहाने सहा ब्लाउज शिवले आणि सगळे उसवावे लागले. गेलात की दोन्ही बाजूंची मापं वेगवेगळी घ्यायला सांगा आणि शिवणीत दोन बोटं जास्तीचं कापड ठेवायला लावा.